साडूभाऊ आणि दीपगृहाची मालिका

नवी मालिका प्रदर्शित होण्याआधी ती बनवणारे बहुधा भुसावळला येऊन माझ्या साडूंना दाखवून जात असावेत. मूळचे एरंडोलचे हे गृहस्थ रेल्वेतून निवृत्त झाले आणि घरच्या टीव्हीपुढे पुन्हा कामावर रुजू झाले. कोरियन, तुर्की, मल्याळी, काही म्हणजे काही त्यांच्या हातून सुटत नाही. चोपड्याच्या एका लग्नात त्यांनी पंगतीत शेजारी बसलेल्या नवरदेवाच्या मामांना कुठलीशी खुनाची मालिका सांगायला घेतली, आणि वऱ्हाडी उठून गेले तरी मामांच्या पानातली जिलबी तशीच होती. बरं, पाहायचं म्हणजे तरी कसं? पडद्यावरच्या पोलिसाला ते उभे राहून बजावतात, ‘आरे येडा, दार लाई ले, तो मांगेच उभा शे.’ आणि रडायची वेळ आली की रुमाल वगैरे शोधत नाहीत, खुशाल रडतात.

याचं मला एरवी काही वाटलं नसतं. पण आमच्या जळगावच्या घरात मी समोर सोफ्यावर बसलेला असताना माझी बायको दर रविवारी भुसावळला फोन लावून विचारायची, “भाऊजी, आज काय पाहू?” मी सुचवलेल्या मालिकेत तिला पहिल्याच भागात झोप लागायची.

शेवटी मी इरेला पेटलो. चोरून शोधाशोध केली आणि एका बेटावरच्या म्हाताऱ्या दीपगृहरक्षकाची मालिका मला सापडली. कोणी नावही घेतलेलं नव्हतं. मी ताबडतोब साडूंना आणि अक्काला, म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीला, भरीत-भाकरीचं आमंत्रण दिलं.

जेवणं झाल्यावर मालिका लावली. साडू उभे राहिले, हळहळले, मध्येच माझा हात धरून ‘आते काय व्हई?’ म्हणाले. म्हातारा शेवटच्या सकाळी हसतहसत चहा करतो, तिथे तर ढसाढसा रडले. बायकोने माझ्याकडे असं पाहिलं की मी लग्नानंतर प्रथमच थोडा ताठ बसलो.

पुढे एकदा अक्का बोलता बोलता सहज म्हणून गेली, की ती मालिका त्यांनी आमच्याकडे यायच्या आधीच पाहिली होती.

मला राग आला. हा माणूस जिंकला तर जिंकला, वर हरण्यातही माझ्यापेक्षा सरस! मी भुसावळ गाठलं आणि त्यांना विचारलं, की मग ते रडणं नाटक होतं का.

साडू ओशाळले. म्हणाले, “नाही हो. पहिल्यांदा तो मरेल हे मला ठाऊक नव्हतं, म्हणून चहाच्या वेळी मी हसलो होतो. तुमच्याकडे ठाऊक होतं. त्यानं आधण ठेवलं तेव्हापासूनच पोटात तुटायला लागलं.”

घरी येऊन मी ती मालिका पुन्हा लावली. चहाच्या प्रसंगाला बायकोने पदर डोळ्यांना लावला. माझे डोळे कोरडेच. त्या माणसाचा हेवा मला तेव्हाही वाटत होता. फक्त, या वेळी तो शेजारी बसलेला हवा होता.