अक्काची अंबाडी

हे मी आजवर कुणालाच सांगितलं नाही. यांना नाही, मुलांना नाही. देवापुढं हात जोडले तरी, खरं सांगते, दुसरंच काहीतरी पुटपुटून उठत आले. मग तुम्हालाच का सांगतेय? ठाऊक नाही. तुम्ही अक्काला पाहिलेलं नाही, म्हणून असेल.

अक्का म्हणजे माझी थोरली नणंद. अठ्ठेचाळीस सालच्या पोलीस ॲक्शनच्या धामधुमीत तिचा नवरा गेला, दिरांनी तिला घरात टिकू दिलं नाही, आणि ती धाकट्या भावाकडं, म्हणजे यांच्याकडं, आली ती कायमची. येताना पदराच्या गाठीत सासरच्या रानातलं लाल अंबाडीचं बी होतं. शहागंजच्या मागच्या गल्लीत आमचं घर, मागच्या दारी दोन वाफ्यांची जागा. तिथं ती दरसाल अंबाडी लावायची. भाजी खुडून झाली की चांगली धाटं बियाण्याला राखायची, आणि थंडीत बोंडांसकट वाळवून कोठीच्या खुंटीला उलटी टांगायची. शेजारी भेंडीच्या वाळक्या शेंगा, बाजरीची कणसं.

"सासरचं एवढंच राह्यलं बग माझ्यापाशी," म्हणायची. रडून नव्हे. अगदी सहज.

मी तिचा राग करायचे का? नाही हो. राग असता तर निदान सांगायला काही कारण असतं. माझी दोन्ही बाळंतपणं तिनं काढली. मला कधी वावगा शब्द बोलली नाही.

एका वर्षी थंडीत यांच्या साहेबांची बायको चहाला यायची होती. अक्का शेंद्र्याला मावसबहिणीकडं लग्नाला गेलेली. घरात दाखवण्यासारखं काय होतं? लग्नात आलेली चांदीच्या नक्षीची एक काळी बिद्री फुलदाणी तेवढी. आणि एका मासिकात मी वाळक्या फांद्यांची सजावट पाहिली होती. मी कोठीत गेले, खुंटीवरची जुडी सोडली. उंच अंबाडी मागं, तांबूस बोंडं वर येतील अशी. पुढं उकललेल्या भेंडीच्या शेंगा, आत दाणे दिसत होते. कडेला बाजरीचं कणीस झुकवलं. खिडकीतल्या उन्हात ती फुलदाणी फार सुंदर दिसत होती. तेही सांगायलाच हवं.

बाईंनी विचारलं, कुठून आणलंत?

"घरचंच आहे. मीच लावते," मी म्हणाले.

त्यांना ती सजावट इतकी आवडली, की मी सगळी जुडी वर्तमानपत्रात गुंडाळून त्यांच्या हातात दिली. सगळी. माझं काही कुणी असं हौसेनं कधी वाखाणलं नव्हतं—पण ते माझं कुठं होतं?

अक्का परत आली. पिशवी खाली ठेवायच्या आधी कोठीत डोकावली.

"सुमे, अंबाडी कुठं गेली गं?"

खरं बोलायला काय लागलं असतं? ती चिडलीही नसती. पण माझ्या तोंडून निघालं, "अक्का, तुम्हीच नाही का जायच्या आधी चुलीत घातली? कीड लागली म्हणालात."

तिनं रिकामी खुंटी चाचपली. "मी? मी घातली?" मग हळूच, "व्हय का... मला तर कायच आठवत नाय."

तिनं माझ्यावर विश्वास ठेवला. स्वतःवर नाही ठेवला, माझ्यावर ठेवला.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी साहेबांच्या बंगल्यावर गेले. बोंडं तिथं दिवाणखान्यातच होती, जशीच्या तशी. एक बोंड मागून घेतलं असतं तरी वाफ्यापुरतं बी निघालं असतं. मी वाण घेतलं, कुंकू लावून घेतलं आणि घरी आले.

पुढं अक्का घाबरत गेली. भाजीत मीठ घातलं का, दोनदा विचारायची. दाराची कडी लावून पुन्हा बघायला जायची. आणि मी? माझ्या हातून काही हरवलं, उतू गेलं, तर म्हणायला लागले, अक्कांनी ठेवलं असेल कुठंतरी. एकदा सोपं गेलं की सोपंच जात राहतं. यांनी तिला क्रांती चौकातल्या डॉक्टरांकडं नेलं. डॉक्टरांनी वार विचारला, तिनं भेदरून चुकीचा सांगितला. गोळ्या सुरू झाल्या. त्या गोळ्यांनी ती दिवसभर पेंगायची. चुलीपाशी जायचं नाही, एकटीनं बाहेर पडायचं नाही. मागच्या दारी आम्ही फरशी घातली. ती पाय घसरून पडू नये म्हणून, असं मीच सुचवलं होतं.

शेवटच्या आजारात एका दुपारी मी तिला पेज भरवत होते. तिनं माझं मनगट धरलं.

"सुमे, खरं सांग. मी आणखी काय काय जाळलं असंल गं?"

घरात आम्ही दोघीच होतो. कुणी ऐकणारं नव्हतं. मी चमचा पुढं केला आणि म्हणाले, "बोलू नका, पेज गार होतेय." ती गुमान प्यायली. पुन्हा कधी तिनं विचारलं नाही. त्याच महिन्यात गेली.

हे तिच्या श्राद्धाला दरसाल म्हणायचे, बिचारीचं डोकं गेलं शेवटी. आता हेही नाहीत. मुलांच्या घरी एक म्हणच पडलीय—कुणी चष्मा विसरलं, गॅस चालू ठेवला, की नातवंडं ओरडतात, "अक्का झाली, अक्का झाली!" ज्यांनी तिला पाहिलंही नाही, ती पोरं. सगळे हसतात.

मीही हसते.