उन्हाळ्यात मोजलेली पांदण

मी बोलका माणूस नाही. घरच्यांनाही माझ्याकडून एखादी गोष्ट काढून घ्यावी लागते. ही गोष्ट कोणी काढली नाही, म्हणून ती आत राहिली.

मालेगावकडच्या हमरस्त्याचं रुंदीकरण चाललं होतं, तेव्हा मी एका कंत्राटदाराकडे मोजणीच्या कामावर होतो. रस्ता रुंद झाल्यावर बसचे काही थांबे उठवायचे होते. कोणता ठेवायचा आणि कोणता उठवायचा, हे ठरवण्यासाठी प्रत्येक थांब्यापासून आसपासची गावं, शाळा, दवाखाने, बाजार पायी किती लांब आणि तिथवर सायकल जाते का, ते मोजायचं. हातात एक दांडी, तिच्या खालच्या टोकाला चाक. चाक ढकलत चालायचं आणि दांडीवरचा आकडा उतरवून घ्यायचा. लोकांना मोठी गंमत वाटायची. शिरपूरच्या बाजूला एका म्हातारीनं मला थांबवून विचारलं होतं, "काय बा, सरकारनं अर्धीच सायकल देल्ली का तुले?"

कामात एकच गोष्ट निक्षून सांगितली होती. वाट बारमाही पाहिजे. पावसाळ्यात बंद पडणारी वाट धरायची नाही, मग पक्क्या रस्त्यानं कितीही वळसा पडो, तोच मोजायचा.

माझ्या मोठ्या बहिणीचं गाव माझ्याच वाट्याला आलं. गावातून डांबरी रस्ता निघतो आणि फाट्यावर हमरस्त्याला मिळतो. जुना थांबा त्या फाट्यावर होता. तो उठवून पुढच्या मोठ्या गावापाशी, शेडसकट नवा थांबा करायचं चाललं होतं. ताईच्या गावाहून तिथं जायला वाटा दोनच. एक म्हणजे फाट्यावर येऊन हमरस्त्यानं लांबचा वळसा. दुसरी म्हणजे शेताशेतांतून नाला ओलांडून जाणारी पांदण. बैलगाडीची जुनी वाट, जवळची.

वैशाखाचं ऊन होतं. आमची काळी माती त्या दिवसांत सिमेंटसारखी टणक होते. भाची सायकलवर माझ्यापुढे पांदणीनं सुसाट गेली, कोरड्या नाल्यात उतरली आणि पलीकडे चढलीसुद्धा. बाहेरचा माणूस ते पाहून फसला असता तर समजण्यासारखं होतं. मी त्याच मातीत वाढलो. जूनमध्ये ती माती पाय कसा धरते आणि चप्पल कशी ठेवून घेते, हे मला कोणी शिकवायची गरज नव्हती. तरी ताईनं सांगितलं. ती नाल्याजवळच्या वावरात सांबार, म्हणजे कोथिंबीर, उपटत होती. जुड्या बांधून संध्याकाळच्या बसनं मालेगावला न्यायच्या होत्या. मला पाणी दिलं आणि म्हणाली, "लिहून घेजो बरं भाऊ, पावसाळ्यात इथून मानूस जात नाही."

लिहितो म्हणालो.

मग तिच्याच घरी जेवलो, तिनं पंखा माझ्याकडे वळवून दिला, आडवा झालो. उठलो तेव्हा वळशाची वाट मोजायची राहिली होती. काम दुसऱ्या दिवशी द्यायचं होतं आणि बाहेर अंगणात पाय ठेववत नव्हता. पांदणीचा आकडा होताच. तिच्या ओसरीवर बसून, तिनं केलेला चहा पीत, मी त्या आकड्यापुढे बारमाही लिहिलं. कोणाचा दबाव नव्हता. ऊन होतं, एवढंच.

पांदणीच्या मापानं गाव नव्या थांब्यासाठी ठरवलेल्या अंतरात बसलं. फाट्यावरचा थांबा उठला.

भाची तेव्हा मालेगावला बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होती. प्रॅक्टिकल सकाळी असायचे. पाऊस लागल्यावर पांदणीत सायकलच्या चाकात आणि मडगार्डमध्ये चिखलाचा गारा भरून चाक जाम व्हायचं. तिनं मडगार्ड काढून टाकले, गारा उकरायला काडी ठेवली, कॉलेजची चप्पल पिशवीत घेतली. नाल्याला पाणी आलं की सायकल खांद्यावर. बऱ्याचदा ती पलीकडच्या काठावर पोचायची आणि बस निघून गेलेली असायची. वळशानं गेली तर ट्रक अंगावरून गेल्यासारखे जायचे. एकदा ती कडेच्या खड्ड्यात पडली, तेव्हा भाऊजींनी ती वाट बंद केली. नागपंचमीला मी गेलो तर ती ओसरीवर चाक धूत होती. वर न पाहता म्हणाली, "मामा, तुमचं चाक पावसाळ्यात बाहेर निघत नसन ना?" मी हसलो. ताईही हसली. ताईला वाटत होतं मी लिहिलं, वरच्यांनी ऐकलं नाही. तसं ती गावात सांगतही होती.

दिवाळीपर्यंत हजेरी इतकी कमी झाली, की परीक्षेला बसता येणार नाही असं कॉलेजनं कळवलं. भाऊजी म्हणाले, मग घरी बसून काय करते. आणि पाहुणे यायला लागले.

बोलणीच्या दिवशी मामा म्हणून मला पुढे बसवलं. मुलाकडच्या वडीलधाऱ्यांनी विचारलं, बसनं येणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना थांब्यापासून किती चालावं लागेल. भाऊजी कौतुकानं म्हणाले, "आमच्या साळ्याले विचारा, त्यानंच मोजलं."

सगळे माझ्याकडे पाहत होते. ताई दारात उभी होती.

"पांदणीनं जवळ हाय," मी म्हणालो. "पण ते उन्हाळ्यातलं माप हाय. पावसाळ्यात ते वाटच नाही. ताईनं मले सांगितलं होतं, अन् मी लिहिलं नाही. फाट्यावरचा थांबा त्याच्यानं गेला. पोरीचं कॉलेजही त्याच्यानंच सुटलं."

ताईनं माझ्याकडे पाहिलं, पदर सारखा केला आणि आत गेली. भाऊजी खाली पाहत राहिले. मग ते वडीलधारे घसा खाकरून म्हणाले, "म्हंजे लगन उन्हाळ्यातच धरा लागते."

बैठकीचा जीव मोकळा झाला. वैशाख बरा, कोणीतरी म्हणालं. भिंतीवरचं कॅलेंडर खाली उतरलं. मी मोठ्या मुश्किलीनं बोललो होतो, त्यातून तारीख काढायची तेवढी सोय झाली.

भाची कप उचलायला आली. तिनं सगळं ऐकलं होतं. माझ्यापुढे वाकून, दुसऱ्यांना ऐकू जाणार नाही इतक्या हळू विचारलं, "मामा, आता खरं सांगितलं तर थांबा वापस येते काय?"

नाही, म्हणालो. खरं तर येतो की नाही, ते मला माहीत नव्हतं. थांबा उठल्यापासूनच्या सहा महिन्यांत मी कोणाला विचारायलाही गेलो नव्हतो.