सोंगं करणारा वायरमन

आमचा वायरमन कुठल्याही वस्तूला आधी उलट्या हाताने शिवायचा. तारेत वीज असली तर तळहाताने धरणारा चिकटतो, उलटा हात झटक्याने मागे येतो, असं त्याला नोकरीत शिकवलं होतं. पण तो तव्यावरच्या भाकरीला, म्हशीच्या पाठीला, पाळण्यातल्या स्वतःच्या मुलीच्या गालालाही तसाच शिवायचा. मी म्हणायचे, "अरे, मुलगी हाय ती, विजेची डीपी नाय." तो हसायचा आणि पुन्हा तसंच करायचा.

नात्याने तो माझा धाकटा दीर. मी लग्न होऊन आले तेव्हा तो पाचवीत होता, नाक पुसायलाही मला हाक मारायचा, म्हणून त्याला भावजी म्हणणं मला कधी जमलं नाही. शहापूरच्या वीज कचेरीत त्याला नोकरी लागली आणि आमच्या घराला गावात वजन आलं. दिवे गेले की लोक आमच्या ओट्यावर येत. पहिली काकडी, पहिला दुधी आमच्या घरी पोचायचा. मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू.

त्याचा जीव मात्र सोंगांत. आमच्याकडे शिमग्यानंतर गावोगाव बोहाडा होतो, त्यात देवादैत्यांचे मुखवटे घालून नाचतात. त्या मुखवट्याला सोंग म्हणतात आणि एकेका सोंगाचा मान एकेका घराण्याचा असतो. वायरमन कामावरून आला की शेतातल्या मातीचा साचा करायचा, त्यावर चिंचोक्याच्या खळीने रद्दीचे थर द्यायचा आणि सावलीत वाळवायचा. "घाई केली की कागूद रडतो," असं त्याचं म्हणणं. एखादा थर ओला राहिला की चार दिवसांनी खरंच त्यातून पाणी सुटायचं.

एका दुपारी जेवताना तो म्हणाला, "वयनी, मी अर्ज दिला."

"बदलीचा?"

"नोकरी सोडायचा. आता सोंगंच करणार."

त्याची बायको आमटी वाढत होती, ती वाढतच राहिली. तिला आधीपासून माहीत असावं. मी ताट सरकवलं. आदल्या वर्षी त्याच्याबरोबरचा एक माणूस शॉक लागून खांबावरच गेला होता. हा खाली शिडी धरून उभा होता. तेव्हापासून गावात कुजबुज होती की वायरमन घाबरला. मी ते त्याच्या तोंडावर म्हटलं. "भ्यालास तर भ्यालो म्हण. सोंगाच्या आड कशाला लपतोस?" तो हात धुऊन उठला. त्याने नाही म्हटलं नाही, यावरून मी धरून चालले की माझंच खरं.

दुसऱ्या दिवशी एसटी पकडून मी शहापूरला त्याच्या साहेबाकडे गेले. म्हटलं, "अर्ज परत द्या."

साहेब म्हणाला, "मावशी, अर्ज त्यांचा आहे. मागे घ्यायला तेच यायला पाहिजेत."

"त्याला अक्कल नाय म्हणून तर मी आले."

कचेरीतली माणसं खाली माना घालून हसली. साहेबाने चहा मागवला, मी तो घेतला नाही. घरी येऊन अंगणात उभी राहिले आणि शेजारपाजार गोळा होईपर्यंत त्याला बोलले. त्याच्या बापाला काढलं, माझ्या मेलेल्या नवऱ्याला काढलं. तो समोर बसून माझ्या तोंडाकडे टक लावून बघत होता. मला वाटलं, लाजला.

पहिलं मोठं काम टोकावड्याच्या बाजूच्या एका गावाने दिलं. त्यांचं त्राटिकेचं सोंग उंदरांनी खाल्लं होतं. मानकरी म्हातारे म्हणाले, होतं तसंच पाहिजे. कसं होतं ते एकालाही धड सांगता येईना. एक म्हणे नाक बसकं, दुसरा म्हणे पोपटाचं. फोटो कोणी काढलेला नव्हता. वायरमनने सगळ्यांचं ऐकून घेतलं, नाचणाऱ्याच्या डोक्याचं माप घेतलं आणि परत आला.

महिन्याने ते सोंग ओट्यावर वाळत होतं. मी पाणी घेऊन येत होते, ते बघून थांबलेच. फेंदारलेल्या नाकपुड्या, पुढचा एक दात नाही, उजवी भुवई चढलेली.

"ही कोण रे?"

"त्राटिका."

"नाक माझं हाय."

"नाकच नाय, दातबी तुझाच." तो दोन पावलं मागे सरकून बोलला. "कचेरीतनं आलीस ना, त्या दिवशी नीट बघून घेतलं. असा राग रोज कुठं बघाया मिळतो, वयनी?"

मी हंडा तिथेच आदळला. मानकरी आले, त्यांनी सोंग उचललं आणि एकदम म्हणाले, "हीच! अशीच होती." मी पदर तोंडाशी धरून आत गेले. हसू आलेलं त्याला दाखवायचं नव्हतं.

मग दोन वर्षं रोगाची साथ आली, बोहाडे बंद पडले, सोंगं कोणी विचारेना. त्यातच वादळाने खर्डीकडचे खांब आडवे झाले. कचेरीला माणसं कमी पडत होती, त्यांनी याला बोलावलं. हा गेला. आठ दिवस चिखलात खांबावर चढला. शेवटी साहेब म्हणाला, कंत्राटावर राहा. मला ते फोनवर कळलं तेव्हा मी देवापुढे साखर ठेवली.

नवव्या दिवशी तो पिशवी घेऊन दारात.

"राहिला नायस?"

"नाय."

"का रे?"

तो पायरीवर बसून पायाचा चिखल खरवडत होता. म्हणाला, "तू म्हनलीस ना, भ्यालो म्हणून सोडली. मलाबी तसंच वाटायचं. इतकी वर्षं वाटायचं. ह्या टायमाला वर चढलो, आणि हात कापला नाय. म्हंजे भिऊन नव्हती सोडली." मग म्हणाला, "चहा टाक."

मी चहा टाकला. माफी वगैरे मागितली नाही, ते आमच्यात नसतं. पण दुसऱ्या दिवसापासून चिंचोके मी भाजायला लागले. खळ मी शिजवायची. पातळ झाली की तो बोट बुडवून नुसता माझ्याकडे बघायचा.

पुढे बोहाडे सुरू झाले, शाळांची, नाटकवाल्यांची कामंही यायला लागली. शहरातली माणसं भिंतीवर टांगायला सोंगं मागत. ती तो करायचा, पण कुरकुरत. "भिंतीला डोकं नसतंय, माप कुणाचं घेऊ?" गावचं सोंग असलं की मात्र घालणाऱ्याचं डोकं दोनदा मोजायचा. घर त्याच्या कामावर चाललं. ऐषारामात नाही, पण चाललं.

गेल्या माघात त्याच्या छातीत कळ आली. शहापूरला नेईपर्यंत संपलं होतं.

त्याच्यामागे एक सोंग अर्धवट राहिलं. देवीचं होतं. रंग झाला होता, डोळ्यांची आखणी राहिली होती. ती तो नेहमी शेवटी करायचा. शिमगा तोंडावर आला तसा त्या गावचा मानकरी आला. म्हणाला, "दुसरा कारागीर इतक्यात कुठं गावणार? वयनी, तुमी इतकी वर्षं त्याच्या संगट बसलात. तुमीच काढा."

मी म्हटलं, "मी चौथी शिकलेली बाई. खळ शिजवते."

वायरमनची बायको ब्रश आणि काळ्या रंगाची वाटी आणून माझ्यापुढे ठेवून गेली.

तीन दिवस मी ते सोंग मांडीवर घेऊन बसले. एक रेघ ओढायचे, थांबायचे, पुन्हा सुरू करायचे. डावा डोळा उजव्यापेक्षा जरा वर गेला. पुसून बघितला, रंग फाकला, तेव्हा पुसणं सोडून दिलं.

मानकऱ्याने सोंग उजेडात धरलं. म्हणाला, "वायरमनच्या हातासारखं नाय झालं."

"नाय," मी म्हटलं. "माझ्या हातचं हाय ते. चालत असंल तर न्या."

त्याने खांद्यावरचा पंचा काढून अंथरला आणि देवीला त्यात गुंडाळायला लागला.