नकाशातलं लाल गवत

अकोल्यात ज्या कार्यालयात मी कंत्राटावर काम करते, तिथे गवताबद्दल रोज बोललं जातं आणि गवत कुणी बघत नाही. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्याला आपण उगाच नावं ठेवतो. उंटावरून निदान शेळी दिसते तरी. आमचे साहेब उपग्रहावरून हाकतात.

माझं काम सांगायला सोपं आहे. उपग्रह दर काही दिवसांनी वऱ्हाडावरून जातो, खालच्या जमिनीची चित्रं घेतो. त्या चित्रांतून कुठे किती हिरवळ आहे याचे आकडे मी काढते, आकड्यांना रंग देते आणि नकाशा साहेबांच्या टेबलावर ठेवते. भरपूर हिरवळ असेल तिथे हिरवा, थोडी असेल तिथे पिवळा, जवळजवळ नसेल तिथे लाल. हे रंग पुण्याहून आलेल्या एका सल्लागारांनी ठरवून दिले होते. ते एक दिवस आले, एसी चालत नाही म्हणून कुरकुरले, रंग ठरवले आणि संध्याकाळच्या गाडीने परत गेले. वाळलेलं गवत आणि उघडा मुरूम या दोघांना त्यांनी एकच लाल दिला. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "इंडेक्सच्या दृष्टीने दोन्ही सारखंच." गाईच्या दृष्टीने सारखं नाही असं मी म्हटलं, तर ते हसले. मी विनोद केला असं त्यांना वाटलं.

माझं गाव नांदगाव खंडेश्वर तालुक्यात. गावाला लागून मोठं गायरान आहे, आमच्याकडे त्याला ई-क्लास म्हणतात. कागदावर सरकारचं, वापरायला गावच्या ढोरांचं. माझ्या बाबांच्या गाई तिथेच चरतात, आणि ज्यांना वावरच नाही त्यांच्या शेळ्याही. पोळ्याला तिथे पवन्या, म्हणजे आमच्याकडचं चराईचं गवत, गुडघ्याला लागतो, दसऱ्याला त्याला तुरे येतात, दिवाळीनंतर तो उभ्या उभ्या वाळतो. वाळला म्हणजे मेला असं फक्त कार्यालयात समजतात. गावात वाळला म्हणजे पिकला. तो कापून गंजी रचतात, उरलेल्यावर ढोरं उन्हाळा काढतात. मे महिन्यात बघाल तर बोटभर पिवळे बुडखे. त्यांची मुळं जिवंत असतात, पण मुळं उपग्रहाला दिसत नाहीत, आणि साहेबांना तर त्याहून नाही.

आणि गंमत बघा, हे गवत ऐन हिरवं असतं तेव्हा वर ढग असतात. उपग्रहाला श्रावणभर कापूसच कापूस दिसतो. आभाळ स्वच्छ होतं तोवर गवत पिवळं पडायला लागलेलं. त्यामुळे वर्षाचा एकच फोटो हवा म्हटलं की कार्यालय हमखास मे महिन्याचा निवडतं. ढग नाहीत, फोटो सुंदर येतो. एखाद्या माणसाची तब्येत बघायची आणि तो तापात पडला असतानाच बघायला जायचं, तसला हा प्रकार.

साहेबांनी ते गवत पाहिलेलं नव्हतं असंही नाही. गेल्या दसऱ्यानंतर ते पाहणीला आमच्याच ई-क्लासवर आले होते. गाडीतून उतरून बांधापर्यंत गेले, फोटो काढून घेतला आणि कुसळं टोचली म्हणून लगेच गाडीत बसले. परतीच्या वाटेवर पार बडनेऱ्यापर्यंत ते पायमोज्यातून कुसळं उपसत होते आणि प्रत्येक कुसळागणिक गावाला शिव्या देत होते. मी पुढच्या सीटवर होते. मनात म्हटलं, चला, याच्या टाचेला तरी गवत कळलं.

कसचं काय! मे महिन्यात वरून पत्र आलं. सौर पॅनल लावायला ओसाड ई-क्लास जमिनी सुचवा, भोवती तारेचं कुंपण घालून त्या द्यायच्या आहेत. साहेबांनी माझा नकाशा समोर ओढला आणि त्यांचं बोट सरळ आमच्या गावावर पडलं. "हे बघा, लालभडक. काहीच नाही इथे." मी म्हटलं, "सर, तुम्ही स्वतः गेला होतात. कुसळं काढत होतात गाडीत." ते म्हणाले, "मॅडम, माझ्या अनुभवावर सरकार चालत नाही, डेटावर चालतं." पायमोज्यातला डेटा त्यांनी खिडकीतून फेकून दिला होता, त्याला मी काय करणार?

त्या रात्री बाबांचा फोन आला. बातमी गावात पोचली होती. "कावून वं, आपल्या ई-क्लासले कुंपन घालून राह्यले म्हंते? ढोरं कुठी न्यायची आमी, तुह्या अकोल्याले?" मी म्हटलं, बघते. दुसरं काय म्हणणार?

मी बघितलं. जुनी सगळी चित्रं काढली, ढगांच्या फटीतून मिळालेले तुकडे जोडले आणि आमच्या ई-क्लासचं पूर्ण वर्ष एका रेषेत मांडलं. मृगानंतर चढणारी, भाद्रपदात माथ्यावर जाणारी, मग हळूहळू उतरणारी रेषा. दरवर्षी तशीच. मुरमाड उजाड जमिनीची रेषा शेजारी ठेवली, ती आडवी पडलेली. शाळेतल्या पोराला कळेल असा फरक. मीटिंगमध्ये पडद्यावर लावली तर साहेब म्हणाले, "हा काय ईसीजी आहे का कोणाचा?" सगळी टेबलं हसली. चहा घेऊन आलेला शिपाईही हसला, कारण साहेब हसत होते. "ग्राफ नको मॅडम, एक स्वच्छ नकाशा द्या. उद्या वर पाठवायचाय."

मग मी स्वच्छ नकाशा दिला. तोच मे महिना, तेच चित्र, तेच आकडे. फक्त उघड्या मुरमाचा लाल तसाच ठेवला आणि जिथे वर्षाची रेषा चढते-उतरते त्या सगळ्या जमिनींना कैरीच्या गरासारखा फिका हिरवा दिला. खाली स्पष्ट लिहिलं: वाळलेलं गवत, चराईची जमीन. खोटं एक अक्षर नव्हतं. पण खाली लिहिलेलं वाचायची आमच्याकडे पद्धत नाही.

साहेबांनी नकाशा हातात घेतला आणि त्यांचा चेहरा उजळला. "वा! बघा, पाठपुरावा केला की सुधारणा होते." मे महिन्यात, बेचाळीस-त्रेचाळीसच्या उन्हात, आठवड्याभरात आमच्या गावाला हिरवळ फुटली यात त्यांना काहीच खटकलं नाही. आधीचा लाल नकाशा तिथेच टेबलावर पडला होता, त्यावर चहाचा कप. "एवढ्या हिरव्या जमिनीवर पॅनल कसे लावणार? काढा हे गाव," म्हणाले, आणि काढलं. मला हसू येत होतं आणि संतापही येत होता. चार रात्री जागून केलेलं काम त्यांनी हसण्यावारी नेलं होतं, आणि अर्ध्या तासाच्या रंगकामाला ते मान डोलवत होते. या लोकांच्या हातात आपली जमीन आहे, हे मला इतकं उघडं कधीच दिसलं नव्हतं.

संध्याकाळी मी घरी फोन केला. बाबांना आनंद झाला, मायला हाक मारून सांगितलं. मग विचारलं, "शेवटी समजलं मंग त्याइले, गवत काय असते ते?"

"नाही बाबा. मी नकाशातला रंग बदलला."

"अन् गवत?"

"गवताचं कुणी विचारलंच नाही."

मागे गाईच्या गळ्यातली घंटी वाजत होती. मग बाबा म्हणाले, "म्हंजे तू तिथं हायेस तवरोक आपलं गवत हिरवं. तू नसली का मंग लाल. तू तं राह्यशीनच ना तिथं?"

"हो," मी म्हटलं. कंत्राट मार्चपर्यंतच आहे, हे मी त्यांना सांगितलं नाही.