मशीनसकट अंगाई

"डोळा सांभाळून घेतो, कान नाही घेत." व्हिडिओ घेऊन जिना चढणाऱ्या प्रत्येकाला कानसेनबाई हे ऐकवायच्याच. नाव काही वेगळं होतं, पण ते आता कुणाच्या लक्षात नव्हतं. सायकल दुरुस्तीच्या दुकानावर त्यांची खोली. आवाज घुमू नये म्हणून भिंतींना जुन्या रजया ठोकलेल्या. नेटवर धाडायचा व्हिडिओ आधी हलका करावा लागतो. बाई चित्रातलं वजन उतरवायच्या, आवाजाला मात्र धक्का लागू द्यायच्या नाहीत. मग तडकलेल्या काचेचा म्हातारा फोन घेऊन जिन्याखाली, जिथं नेट जेमतेम धुगधुगी धरून असायचं, तिथं उकिडव्या बसून ऐकायच्या. "इथं चालला तर कुठंही चालेल."

एकदा शेजारच्या शिवणवाल्या वहिनी रडकुंडीला येऊन वर आल्या. लेक तान्ह्याला घेऊन माहेरून नुकतीच सासरी, डोंगरापलीकडे गेलेली. तिकडे बाळ झोपेना. वहिनींनी फोनवर अंगाई धाडली, तर ती अर्ध्यात अडकून नुसती गोल गोल फिरायची.

"घास उतरत नाही हो, बाई. पोरीच्या डोळ्याला डोळा नाही."

"तुम्ही फक्त गा, वहिनी. बाकी माझ्या कानांवर सोडा."

पण वहिनींचं गाणं पायात होतं. शिलाई मशीनवर पाय हलला तरच सूर निघायचा; पाय थांबला की गळ्याला कुलूप. शेवटी बाईंनी वहिनींच्या शिवणाच्या दुकानात जाऊन त्यांना शिवता शिवताच गाऊ दिलं आणि व्हिडिओ टिपला. नंतर दुपारभर बसून, डाळीतले खडे वेचावेत तशी मशीनची खडखड वेचून काढली. आवाज आरशासारखा झाला. व्हिडिओ न अडखळता पोचला.

थोड्या वेळात लेकीचा फोन. मागं बाळाचा टाहो.

"आई, चित्र छान, आवाज छान. पण तुझं मशीन कुठं गेलं? जन्मल्यापासून हा त्याच्याच शेजारी झोपलाय!"

बाईंनी कपाळावर हात मारला. "केर म्हणून सोनं झाडलं की मी!"

वहिनींना हसू फुटलं. "जन्मभर तेल घालतेय मी त्या मशीनला, पण इतकं गप्प कधी बसलं नाही ते!"

बाईंनी खडखड परत आणली, अंगाईच्या पदराआड बसेल एवढी. जिन्याखाली ऐकली, धाडली, आणि दोघी दुकानात फोन मध्ये ठेवून बसल्या.

फोन वाजला. पलीकडून श्वासाएवढा आवाज.

"आई, हळू बोल."

वहिनींनी तोंडात पदर कोंबला; हसू आवरेना, डोळेही आवरेनात. बाई उठल्या. बाळ जणू याच खोलीत निजलंय अशा बेतानं चपला हातात घेऊन अनवाणी गल्लीत उतरल्या. थांबलेल्या मशीनवर हात ठेवून वहिनी बघत राहिल्या. पार कोपऱ्यावर पोचल्यावर बाईंनी चपला खाली ठेवल्या, पायात घातल्या आणि कोपऱ्यापलीकडे वळल्या.