शून्य वेळा वापरलेला इंडेक्स

"दादा, स्क्रीनवर चक्री नुसती फिरूनच राह्यली," पुष्पाताई फोनवर म्हणाल्या. "बाई टेबलावर हाय. ओ निगेटिव्ह पायजे अन् फ्रीज रिकामा."

पुष्पाताई आदिलाबादच्या एका रक्तपेढीत टेक्निशियन. तिथला डेटाबेस मी सांभाळतो, म्हणजे रक्तदात्यांच्या सगळ्या नोंदी जिथे साठवतात ते कोठार. बाई माझ्याच गावची, बेल्याची. दुसरं बाळंतपण. बाळ सुखरूप होतं, आईचा रक्तस्राव थांबत नव्हता. पहिल्या खेपेनंतर तिचं अंग पॉझिटिव्ह रक्त सोसत नव्हतं, आणि निगेटिव्ह आमच्याकडे औषधालाही सापडत नाही. अशा वेळी कॉम्प्युटरला विचारायचं, या गटाचे दाते कोण आणि त्यांतल्या कुणी गेल्या तीन महिन्यांत रक्त दिलेलं नाही. नावं आली की फोन लावत सुटायचं. एरवी हे उत्तर कपात चहा ओतेपर्यंत येई. त्या दुपारी वीस मिनिटं झाली तरी येईना.

मी बोथ गावात दुसऱ्या क्लायंटकडे बसलो होतो. तिथूनच लॅपटॉपवर जोडला गेलो आणि सर्व्हर काय करतोय ते पाहिलं. एकेका दात्यासाठी सर्व्हर रक्तदानाचं अख्खं रजिस्टर पहिल्या पानापासून वाचत होता. एक दाता झाला की पुढच्यासाठी पुन्हा पहिलं पान. हे टाळायलाच इंडेक्स असतो. पुस्तकाच्या शेवटी सूची असते ना, कोणतं नाव कोणत्या पानावर, तसा. तो इंडेक्स जागेवर नव्हता.

मीच काढला होता.

झालं असं. शिबिराच्या दिवशी एंट्री हळू चालते, अशी मॅनेजरची तक्रार होती. नवी नोंद केली की ती प्रत्येक इंडेक्समध्येही लिहावी लागते, म्हणून इंडेक्स जास्त तर काम जास्त. मी रिपोर्ट काढला. कोणता इंडेक्स किती वेळा वापरला, ते त्यात दिसतं. चार इंडेक्ससमोर शून्य. माझ्या आधीच्या माणसाने घातलेले होते, कशासाठी ते विचारायला मी गेलो नाही. चारही उडवले. पुष्पाताई बाजूलाच होत्या. "काऊन काढता? रोज नसन लागत, पन एखाद्या टायमाला लागतेच," म्हणाल्या. मी हसून म्हटलं, ताई, अडगळ कशाला सांभाळायची? एंट्री जराशी भराभर व्हायला लागली. मॅनेजरने मिरची भजी मागवली, आणि मी शहाण्यासारखी खाल्ली.

आता सर्व्हरला विचारलेला, अडकून पडलेला तो प्रश्न बंद केला, इंडेक्स परत बांधला. सहा मिनिटं. यादी आली, पाच नावं. पहिल्या दोघांनी फोन उचलला नाही. तिसरा भाजीवाला, मळ्यातून तसाच मोटरसायकलवर आला. रक्त घेतलं, तपासणीला लावलं. तेवढ्यात पुष्पाताईंचा फोन आला.

"राहू द्या आता, दादा."

डॉक्टर नंतर म्हणाले, रक्त आधी आलं असतं तरी वाचली असती असं सांगता येत नाही. त्यांनी धीर द्यायला म्हटलं. मला तो धीर नको होता.

मग मी मुळाशी गेलो. रिपोर्टातली मोजणी सर्व्हर शेवटचा सुरू झाला तेव्हापासूनची असते. मी रिपोर्ट काढला त्याच्या तीन दिवस आधी लाइट गेली होती, यूपीएसने दगा दिला, सर्व्हर बंद पडून पुन्हा सुरू झाला होता. म्हणजे माझं शून्य तीन दिवसांचं होतं. त्या तीन दिवसांत निगेटिव्ह कुणाला लागलं नाही, एवढाच त्याचा अर्थ. रिपोर्ट खोटं बोलला नव्हता.

घटनेचा अहवाल द्यायचा होता. माझ्या कंपनीचे हैदराबादचे साहेब म्हणाले, "सर्व्हर स्लो था, इतना लिख दो." मी लिहिलं, इंडेक्स मी काढला.

आता कुठेही शून्य दिसलं की मी आधी विचारतो, कधीपासूनचं? आणि जे काढायचं, ते रोज वापरणाऱ्या माणसाला विचारून. शिकलो, पण फार महाग.

बेल्याला घरी जाताना त्या बाईच्या दारावरूनच रस्ता आहे. तिचं पोरगं आता रांगतं. पुष्पाताई त्या दुपारबद्दल मला आजवर एक शब्द बोलल्या नाहीत. एकदा शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.