मोरिसेतने परत न घेतलेली खुर्ची

आमच्या गल्लीत कुणाचं वय विचारलं तर लोक साल सांगत नाहीत, बोट सांगतात. बोट म्हणजे पाणबुडी. फ्रान्सच्या टोकाला, शेरबूरच्या आमच्या गोदीत पिढ्यान्‌पिढ्या तेच काम, त्यामुळे वेगळं नाव घ्यायची गरज कुणाला पडली नाही. मोरिसेत लेकूवेचं लग्न झालं तेव्हा कुठल्याशा बोटीचं नाक जोडणं चालू होतं, म्हणून नवरा इझिदोर चर्चमध्ये हाताला पट्टी बांधून उभा होता. मुलगा गायतां जन्मला तो एक बोट पहिल्यांदा पाण्यात उतरली त्या आठवड्यात. एक बोट म्हणजे आजोबांपासून नातवापर्यंतची भाकरी. लग्न मोडेल, पण बोट मोडणार नाही, अशी इथली समजूत.

या समजुतीत वाढूनही मोरिसेत जराशी दुसरीकडेच राहायची. म्हणजे घरातच, पण खिडकीत. तिचं घर चढावर आहे, स्वयंपाकघरातून सगळी खाडी दिसते. धुकं उतरलं की समुद्र, बांध, किल्ला सगळं दुधात बुडतं आणि फक्त भोंगे ऐकू येतात. अशा वेळी ती कांदा चिरता चिरता थांबायची. सुरी हातात, नजर त्या पांढऱ्यात. इझिदोर म्हणायचा, "आली का गं परत? सूप करपलं."

लहानपणी ती रविवारी धक्क्यावर जायची. त्या काळी अमेरिकेला जाणारी मोठी प्रवासी जहाजं इथे लागत. गावातल्या पोरी ती बघायला जात, ही मात्र निरोप द्यायला जायची. ओळखीचं कुणी नाही, तरी रुमाल हलवायची. एकदा वरच्या कठड्यावरच्या एका बाईने उलट रुमाल हलवला आणि डोळे पुसले. "मला वाटलं, मी तिची कुणी तरी आहे," मोरिसेत सांगायची. "जहाज दिसेनासं झालं तरी मी तिथेच. घरी आईने बदडलं ते वेगळं."

असा रुमाल हलवणारी बाई स्वतः कुठे गेली? एकदा लूर्दला यात्रेला, तेही इझिदोरचं गुडघ्याचं दुखणं घेऊन. बस. नवरा गेल्यावर तर भाजीचा वाफा, कोंबड्या आणि खिडकी.

मग ते ऑस्ट्रेलियाचं काम आलं. बारा बोटी, पन्नास वर्षं. गावात पाटी न लावलेली घरंसुद्धा भाड्याने गेली. तिकडची माणसं आराखड्यांवर लक्ष ठेवायला इकडे राहायला आली आणि मोरिसेतच्या माडीवर टॅम्झिन आणि तिचा इंजिनियर नवरा आले. टॅम्झिन मोकळी बाई. आमची भाषा बोलायची ती सगळी क्रियापदं उलटीपालटी करून, पण न लाजता. पहिल्याच हिवाळ्यात, फेब्रुवारीत, आमच्या कुंपणांवरचा पिवळा मिमोझा फुलला तेव्हा ती रस्त्यातच थांबली.

"हे आमचं झाड आहे," ती म्हणाली.

"वा गं वा," मोरिसेत म्हणाली, "माझ्या आजीच्या कुंपणात होतं ते. तुमचं कसं?"

टॅम्झिनने टॅब उघडून आईला विचारलं. तिकडे ॲडलेडच्या बंदराजवळ राहणारी तिची आई, नोला. नोलाने आपला टॅब परसात नेऊन झाड दाखवलं. तेच झाड, पण घराएवढं उंच. त्या दिवसापासून या दोघी म्हाताऱ्यांचा रविवार ठरला. आमची सकाळ, त्यांची संध्याकाळ. नोलाचा नवराही तिकडच्या गोदीत वेल्डिंग करायचा, तोही गेलेला. आरंभी टॅम्झिन मधे बसून इकडचं तिकडे करायची. पुढे तिला कामं असली तर दोघी नुसत्याच बसत. ही बटाटे सोलते आहे, ती मटार. मी एकदा साखर मागायला गेले तर स्वयंपाकघरात अंधूक पावसाळी उजेड, आणि टेबलावरच्या त्या चौकोनातून मात्र तांबूस ऊन सांडलेलं. मोरिसेतच्या बोटांवर, सालींवर, बशीवर. दोघींपैकी कुणी काही बोलत नव्हतं. मी साखर न घेताच परतले. झोपलेल्या माणसाच्या खोलीतून निघावं तशी.

गायतां गोदीत नळांचे आराखडे काढतो. चाळिशीचा, एकटा, बापासारखाच ताठ. तिकडे जाणाऱ्यांच्या यादीत त्याचं नाव लागलं. तो सहज म्हणाला, "आई, तू पण चल."

आमच्या या भागात माणूस सरळ हो म्हणत नाही. पाऊस पडतोय का विचारलं तरी "पडत असेलही" म्हणतात. पण मोरिसेत म्हणाली, "हो." आणि दुसऱ्या रविवारी तिने नोलाला शब्द दिला की मी येते, तुझ्या झाडाखाली बसते. नोलाने त्याच आठवड्यात मागची खोली रंगवून घेतली. रंग कुठला हवा, तेसुद्धा विचारलं होतं. मोरिसेतने धुक्याचा मागितला.

मग तिने घर वाटायला घेतलं. भाजीचा वाफा वाफ्यांसाठी थांबलेल्यांच्या यादीतल्या पुढच्या माणसाला. जॅम करायची तांब्याची परात मला. कोंबड्या समोरच्या रेजी वोतिएला, आणि इझिदोरची मोठी खुर्चीही त्यालाच.

"खुर्ची कशाला?" वोतिए म्हणाला. तोही गोदीतूनच निवृत्त झालेला, जिभेला हाड नसलेला माणूस.

"कोंबड्यांवर नजर ठेवायला. त्या तुझ्यापेक्षा हुशार आहेत."

गायतां म्हणत होता, "आई, जायला अजून वेळ आहे, घाई कसली?" ती म्हणे, "पन्नास वर्षांचं काम आहे ना? मग आज दिलं काय आणि उद्या दिलं काय." चूक म्हणा, पण ती आमच्या सगळ्या गावाची चूक होती. बोट म्हटली की आम्हांला पुढचं सगळं दिसल्यासारखंच वाटतं.

सप्टेंबरातल्या त्या सकाळी रेडिओने सांगितलं. ऑस्ट्रेलियाने अमेरिकेशी आणि इंग्लंडशी नवा करार केला होता, अणुशक्तीच्या पाणबुड्यांचा. आमच्या बोटी नकोत. मी बेकरीत होते. बाईने पाव कागदात गुंडाळता गुंडाळता हात थांबवला आणि आख्ख्या रांगेत कुणी पुढे सरकलं नाही.

नंतरचे दिवस गाव मांडवातून नवरा पळालेल्या घरासारखं होतं. मंत्री म्हणाले, पाठीत सुरा. आपले राजदूत परत बोलावले, ऑस्ट्रेलियातले आणि अमेरिकेतलेही.

"आणि लंडनचा?" वोतिएने कोपऱ्यावर विचारलं.

"त्याला नाही बोलावलं," मी म्हटलं.

"बरोबर आहे. वरातीत बाजा वाजवणाऱ्यावर कोण रुसतं!" मग म्हणाला, "आणि ऐकलंत का? तिकडचा शेजारी न्यूझीलंड म्हणतो, त्या अणूच्या बोटी आमच्या पाण्यात आणायच्या नाहीत. घ्या! सगळे एकमेकांचे दोस्त, आणि एकाला दुसऱ्याची बोट चालत नाही."

हसलो खरं, पण गोदीच्या फाटकातून बाहेर येणारी तरुण पोरं हसत नव्हती. टॅम्झिन दोन दिवस जिन्यावरून चोरासारखी उतरायची. तिसऱ्या दिवशी मोरिसेतने दार उघडून ठेवलं आणि ती उतरताच हात धरून आत ओढलं.

"तुम्ही रागावला नाहीत?" टॅम्झिनने विचारलं. "आम्हांलासुद्धा बातम्यांतूनच कळलं. शपथ."

"तू केलास का करार? नाही ना? मग कॉफी पी."

आता गावाचं प्रेम सुरू झालं. मोरिसेतचं जाणं बुडालं, बिचारीने घर रिकामं केलेलं, तेव्हा दिलेल्या वस्तू परत करायला लोक येऊ लागले. सांत्वनाला येतात तसे, आवाज खाली करून. मीही परात घासूनपुसून नेली.

तिने दारातच हात मागे घेतले. "ही कशाला आणलीस?"

"अगं, लागेल ना तुला आता."

"दिलं ते दिलं. परत घेतलं तर ती चोरी. शाळेत म्हणायचो ना?"

"म्हणायचो, पण गोट्यांसाठी."

"परातीलाही तोच नियम." आणि तिने मला दालचिनीची खीर वाढली, भट्टीत दिवसभर मंद भाजलेली, वरची तपकिरी साय मोडून मलाच दिली. मी परात तशीच परत आणली. वाफा घेतलेल्या माणसाने तर स्वतःहून वाफ्याच्या फाटकाची किल्ली पुढे केली, तीही तिने त्याच्या मुठीत दाबली. लोक म्हणाले, मानी बाई आहे. मला मात्र त्या खिरीच्या वेळी तिचे डोळे दिसले होते. खिडकीकडे लागलेले, त्या पांढऱ्यातल्या कशाकडे तरी.

रविवारी सकाळी बारीक पाऊस होता. गायतांने वोतिएकडून बापाची खुर्ची उचलली आणि डोक्यावर घेऊन रस्ता ओलांडला. मागून वोतिए कोंबडी काखेत धरून. मोरिसेत दारात उभी राहिली, दोन्ही हात चौकटीला.

"आई, बाजूला हो. भिजतेय."

"भिजू दे."

"हे काय नाटक? बाबांची खुर्ची आहे."

"म्हणूनच. ती आत आली की मी बसणार तिच्यात. बसले की उठणार नाही, माहीत आहे मला."

"उठून जायचंय कुठे तुला आता? संपलं ते!"

"तुझं संपलं. मला तिकडे गोदीने नव्हतं बोलावलं."

गायतांने खुर्ची डोक्यावरून खाली ठेवली. रस्त्याच्या मधोमध. "म्हणजे तू जाणार? त्यांच्याकडे? त्यांनी आपल्या ताटात थुंकलं, आणि तू त्यांच्या झाडाखाली जाऊन बसणार? लोक काय म्हणतील, मी गोदीत तोंड काय दाखवू?"

"मी नोलाला शब्द दिलाय."

"त्यांनीही दिला होता शब्द!"

"दिला आणि परत घेतला. म्हणून तर आख्खं गाव चिडलंय ना? मग मीही घेऊ परत?"

गायतां त्या खुर्चीतच बसला, पावसात, हाताची घडी घालून. "आत येणार नाही मी. तू जाणार असशील तर मला आई नाही, समज."

"बस मग," मोरिसेत म्हणाली, पण चौकट सोडली नाही. वोतिए कोंबडी घेऊन आमच्या वळचणीला आला आणि आयुष्यात पहिल्यांदा काही बोलला नाही. गल्लीतल्या सगळ्या खिडक्या उघड्या. कुणालाही कळत होतं की हा पोरगा बापाएवढाच हट्टी आहे, आणि ही बाई आज एक तर वाट गमावणार किंवा मुलगा.

आत टॅब वाजायला लागला. टॅम्झिनने तो उचलला, आईशी काही बोलली आणि दारात आली. "आई विचारतेय, रस्त्यावर कोण बसलंय?"

मोरिसेतने टॅब घेतला. पावसात उतरली, अंगावर नुसती घरातली शाल, आणि मुलासमोर धरला. नोला तिच्या परसात होती. मागे झाड फुललेलं, त्यांचा वसंत होता ना, आणि संध्याकाळ इतकी पिवळी की गायतांच्या ओल्या चेहऱ्यावर तिचा उजेड पडला. नोला त्याच्याकडे बघत राहिली. मग बोलली, आणि टॅम्झिन एकेक वाक्य आमच्या भाषेत म्हणत गेली.

"ती म्हणतेय, तुझ्या हातांकडे बघून माझ्या नवऱ्याची आठवण झाली. त्याला गोदीने घरी बसवलं, तेव्हा तोही असाच बाहेर जाऊन बसला होता. पाऊस नव्हता, तेवढंच."

गायतां मान वर करेना.

"म्हणतेय, इथल्या पोरांनीही तुमच्या बोटींसाठी शिकायला घेतलं होतं. माझ्या शेजारणीचा मुलगा बातमी आल्यापासून बोलत नाही. आमच्या मोठ्या माणसांनी तुम्हांला सांगितलं नाही, ते वाईट केलं. मला लाज वाटते. पण खोली मी रंगवली आहे, सरकारने नाही."

पाऊस टॅबच्या काचेवर पडत होता आणि थेंबाथेंबात ते पिवळं झाड बारीक होऊन लटकत होतं. मोरिसेतने शालीच्या टोकाने काच पुसली आणि तेच टोक मुलाच्या कपाळावरून फिरवलं, लहानपणी नाक पुसायची तसं.

गायतां उठला. नोलाला जेमतेम मान लववून नमस्कार केल्यासारखं केलं. खुर्ची उचलली आणि समोर वोतिएच्या दारात नेऊन ठेवली. कोंबडीने वोतिएच्या काखेतून उडी मारली आणि त्याच्या आधी आत गेली. गायतां तिथून लगेच परतला नाही. पाठमोरा उभा, खाली खाडीकडे बघत, जिथे धुक्यात गोदीच्या क्रेन नुसत्या रेघा होऊन राहिल्या होत्या. मोरिसेत रस्त्यात तशीच, छातीशी ती पिवळी संध्याकाळ धरून.

मग तो आला. रिकाम्या हातांचं काय करावं ते न कळून त्याने ते खिशात घातले.

"त्यांची सीमा कोरोनाच्या साथीमुळे अजून बंद आहे."

"उघडेल," मोरिसेत म्हणाली.

"तिकडे थंडी कधी पडते?"

"जूनमध्ये."

"मग त्याच्या आधी जा," तो म्हणाला. "तुझी पाठ धरते थंडीत." आणि पाय पुसून आत गेला.